उघड्या तोंडाचा पप्पा

लासूर स्टेशन मुक्कामी माझे थोरले भाऊ बद्रीनाथदादा, यांच्या पायावर धाकट्या उमाचं डोकं. तुम्ही, वहिनी, लेकरं, आई आन् गोठ्यातली कपिली अशी सगळी सुखात असाल असं धरून चालते, कारण नसाल तर पुढचं वाचून अजून जिवाला लागंल. आईची शुगर कशी हाय? वहिनीचा गुडघा आता वळतो का? तुम्हाला कांद्याच्या धुळीनं शिंका येत्यात त्या थांबल्या का? (हे "तुम्हाला" शाळेतल्या बाईंनी पत्रात लिहायला शिकवलं म्हणून लिहिलं. इथून पुढं तूच म्हणते, नायतर पत्र पुरं व्हायचं नाय आन् मला नीट रडू बी यायचं नाय.) आम्ही इकडं बरे हाव. बरे म्हंजी जिते हाव. ऊन असं पडलंय की दुपारी वाळत घातलेली चादर काढायला गेलं की पापडावानी कडक हातात येती.

तू म्हणशील, फोन असताना उमी पत्र कामून लिहायली? दादा, फोनवर सांगायची सोय तूच ठेवली नाय. मी हॅलो म्हणायच्या आधी तू स्पीकर लावतोस, आन् तिकडं अडतीवर हमाल, तोलारी, चहावाला आन् दोन गिऱ्हाइकं मिळून माझा संसार ऐकत बसत्यात. मागल्या खेपंला मी जरा रडले तर तुझा तोलारी मधूनच म्हणला, ताई, रडू नका, पाऊस पडंल. (मी पावसासाठी रडतच नव्हते.) म्हणून हे कागदावर. नूरभाईच्या टेम्पोत पाठवायली. नूरभाई म्हंजी आमच्या शेजारच्या जमिलाचा नवरा, नूरमोहम्मद, दर बाजाराला तुमच्याकडं कांदा भरायला येतो तो. त्याच्यासंगं एक पार्सल बी हाय. पार्सल आधी उघडू नको. आधी पत्र वाच. पार्सल आधी उघडलंस तर भ्याशील.

आता मूळ दुखणं एका वळीत सांगते आन् मंग सावकाश येते. दादा, तुझी भाची स्वराली तिच्या बापाला वळखत नाय. म्हंजी वळखती, पर तोंड झाकलेलं असलं तरच. उघडं तोंड दिसलं की अशी वरडती की शेजारून जमिला लाटणं घेऊन पळत येती. आन् पुढल्या पंधरवड्यात दौलताबादला म्हसोबापुढं तिचं जावळ हाय. मांडीवर घेऊन बसणार तू मामा, उघड्या तोंडाचा, मिशीवाला. वस्तरा चालवणार धोंडिबा न्हावी, त्यो बी मिशीवाला. ह्या दोन मिशांच्या मधी पोरगी उडाली आन् वस्तरा सरकला तर? माझ्या डोळ्याला डोळा लागत नाय. भाजी चिरायला विळी घेतली तरी मला तिचं डोकंच दिसतं.

हे असं कशानं झालं ते ऐक. आमच्या ह्यांचं कंपनीतलं कंत्राट संपलं हे तुला ठाव हाय. मंग हे थेटरात लागले हे बी ठाव हाय. आईला मी "सिनेमा लाइनीत हायेत" असं सांगितलं, त्यात खोटं काय नाय. मॉलच्या वरल्या मजल्यावर जे थेटर हाय, त्याच्या दारात हे उभे राहत्यात, अंगावर हिरोचे कपडे घालून. येणारी लेकरं हात मिळवत्यात, आया फोटो काढत्यात, बाप लोक बाजूला उभं राहून तिकिटाचा हिशेब करत्यात. हे हिरो आपल्या वेळचे नव्हंत. आपल्या वेळचा हिरो मारामारी करायचा, गाणं म्हणायचा आन् शेवटाला हरवलेल्या आईला भेटायचा. हे नवे बाहेरदेशातल्या कॉमिकच्या पुस्तकातून निघत्यात. तिकडं लेकरांसाठी चित्रांच्या गोष्टी छापायचे, त्यातल्या एकेकाला उठवून त्याच्यावर पिक्चर काढत्यात. कोणाला पंख, कोणाची मूठ लोखंडाची, कोणी नुसता दगड. सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेले आन् चड्डी वरून. (चड्डी वरून कामून, हे ह्यांनी थेटरातल्या साहेबाला विचारलं. साहेब म्हणले, काम करा.)

पहिला ड्रेस आला लालघारीचा. खरं नाव इंग्रजीत हाय, माझ्या जिभंवर बसत नाय, म्हणून मी लालघारच म्हणते. ड्रेस ताडमाड माणसाच्या मापाचा, आन् आमचे हे तर तू पाहिलेत, लग्नात अंतरपाटावरून टाळकं दिसावं म्हणून पाटाखाली पाट सरकवायला लागला व्हता. साहेब म्हणले, बायको शिवणकाम करती ना, मंग घरीच आवळून घ्या. मी आवळला. उरलेलं लाल कापड इतकं निघालं की त्यात अजून एक हिरो बसला असता. (ते कापड ध्यानात ठेव, पुढं लागणार हाय.) पाठीची चेन तुटलेली व्हती, तसली लांब चेन कुठं मिळंना. मंग मला जे येतं ते मी केलं. ब्लाऊजला लावते तशी हुकं लावली, कंबरेपासून मानेपर्यंत. आन् लेकरं मुखवटा ओढत्यात म्हणून मुखवटा बी मानेला हुकानंच पक्का केला. काम इतकं सुबक झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. पहिल्या दिशी संध्याकाळी चूक कळली. ब्लाऊजची हुकं पुढून असत्यात, बाई आपली आपण काढती. ही पाठीला! ह्यांचा हात पुरंना. थेटरात सगळे बाप्ये. त्यातल्या कोणाला "माझी हुकं काढ" म्हणायची ह्यांना लाज, आन् त्यांना काढायची त्याहून लाज. तिकिटावरची पोरगी मदतीला आली तर हे लिफ्टमधी शिरून पळाले. शेवटाला तसेच शेअर रिक्षात बसून, मांडीवर दुसऱ्याची पिशवी घेऊन, लालघार घरी आली.

आता मला सांग, मी दुसऱ्या दिशी हुकं बदलायला पाहिजे व्हती की नाय? व्हती. पर त्याच संध्याकाळी टँकर आला. तुला आमच्या कॉलनीचा कारभार ठाव नाय. शहर फुगत फुगत बायपासच्या पल्याड आलं, त्या फुगलेल्या कडेला आम्ही राहतो. कॉलनीचं नाव अमृतधारा पार्क. त्यात अमृत नाय, धारा नाय आन् पार्कात एक बाभळ हाय. शहराच्या पाट्या बदलल्या, हद्द वाढली, पर आमच्याकडं नळ अजून पोहोचला नाय, नुसता रस्ता खंदून ठेवलाय, त्यात सासूबाई दोनदा पडल्यात. टँकर आला की ड्रम, घागरी, कॅन, तेलाचे डबे घेऊन सगळी गल्ली धावती. मी कडंवर पोर घेऊन कायम मागं. त्या दिशी हे लालघारीच्या कपड्यात रिक्षातून उतरले आन् पोरांनी गिल्ला केला. बाया हसून बाजूला सरकल्या. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला, ह्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आन् पाइप सरळ आपल्या ड्रममधी सोडला. दादा, ड्रम काठोकाठ भरला! लग्न झाल्यापासून मी आमचा ड्रम काठोकाठ पाहिला नव्हता. तेव्हापासून मीच ह्यांना म्हणायचे, थांबा, हुकं मंग काढू, आधी टँकर येऊ द्या. टँकर यायला कधी दिवे लागायचे, कधी जेवणं व्हायची. तंवर स्वराली झोपून जायची. सकाळी ती उठायच्या आधी मीच ह्यांची हुकं लावून मोकळी. म्हंजी पोरीनं बापाचं तोंड पाहिलं कधी? ती पालथी पडायला लागली तवा बाप लाल, रांगायला लागली तवा बाप लाल, उभी राहिली ती बी त्याच लाल गुडघ्याला धरून.

गल्लीला तर हे देवच झाले व्हते. आमच्याकडचे तात्यासाहेब (नगरसेवक व्हायला निघालेत, इलेक्शन कधी लागतंय ते ठाव नाय, पर बॅनर लागलेत) एक दिवस टँकरचं उद्घाटन करायला आले. टँकर चार उन्हाळे येतोय, पर उद्घाटन राहिलं व्हतं म्हणे. नारळ फोडला, टँकरला हार, ह्यांना हार. भाषणात म्हणले, आपल्या वॉर्डाची ख्याती ऐकून परदेशातले हिरो बी इथं पाणी भरायला यायलेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळाचं पाणी कोणी भांड्यात धरलं नाय म्हणून जमिला लई चिडली. सासूबाईंना वाटलं पोराला नजर लागणार, म्हणून घरात येताच मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. आता मुखवट्याला डोळ्याची दोन भोकं हायेत, तिथून धूर आत गेला, पर बाहेर यायला वाट नाय. हे आत खोकायलेत आन् हुकं निघंनात. सासूबाई खूश, बघ म्हणल्या, किती नजर लागली व्हती!

ह्यांना पास मिळाला म्हणून सासूबाईंना आन् मला एकदा तो पिक्चर बी दाखवला. काय सांगू. एक शहर असतं, ते पाडत्यात. बिल्डिंगा पाडत्यात, पूल पाडत्यात, मंग लालघार वरून येती आन् उरलेलं पाडती. शेवटाला शहर वाचलं म्हणून सगळे टाळ्या वाजवत्यात. झाडून कोण काढणार हे कोणी बोलत नाय. पर मधी एक सीन हाय, गच्चीवरची भलीमोठी पाण्याची टाकी फुटती आन् पाणी लोटावानी रस्त्यावर येतं. तिथं मात्र आख्खं थेटर हळहळलं. माणसं मेली तवा कोणी चुकचुकलं नव्हतं. माझ्या मागं बसलेली बाई म्हणली, अय्यो, एवढ्यात आमची गल्ली महिनाभर नांदली असती. आन् पिक्चर संपला तरी लोक उठत नाय. नावं सरकत राहत्यात, लोक बसून राहत्यात, मंग मागून चिमूटभर पिक्चर दाखवत्यात की थांबा, पुढं अजून एक येणार हाय. मला तात्यासाहेबच आठवले. त्यांचं भाषण संपून लोक ढुंगण झटकायला लागले की तेबी म्हणत्यात, थांबा, मोठी पाइपलाइन येणार हाय.

पोरीचं मला कळलं ते औरंगपुऱ्यात. ब्लाऊजचं अस्तर आणायला गेले व्हते, कडंवर स्वराली. तिथं चौकात लालघारीचं पुठ्ठ्याचं मोठं चित्र उभं केलेलं. ते बघून पोरीनं दोन्ही हात पसरले आन् आयुष्यातला पहिला शब्द बोलली. पप्पा! मला आधी आनंदच झाला. मंग ती पुठ्ठ्याकडं झेपावायला लागली. मी पुढं चालले तर हातपाय आपटून रडायली, पप्पा, पप्पा. दुकानदार बाहेर आले, गिऱ्हाइकं थांबली, एक रिक्षावाला म्हणला, भाभी, बच्ची का बाप तो बहोत ऊँचा आदमी दिखता. लोक हसले. मी बी हसले. रिक्षात बसल्यावर मात्र ध्यानात आलं, अस्तर दुकानातच राहिलं.

आन् मंग लालघारीचा पुढला भाग आला, तो पडला. आठवडाभर बी टिकला नाय. थेटरात खुर्च्यांनाच हिरो दाखवायची वेळ आली. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की पब्लिक आता कंटाळलंय, वर्षाला एक हिरो यायचा तवा लोक नाचत यायचे, आता दर महिन्याला नवा यायला लागला तर लोक म्हणत्यात ह्याला बी पंखच का? हे असंच चाललं तर दारात माणूस ठेवायचं काय कारण? ह्यांचं काळीज फाटलं. हे सरळ औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर गेले. तिथला म्हातारा लेकरांची कॉमिक विकतो. त्याला विचारलं, चाचा, ह्या पुस्तकांत अजून किती हिरो शिल्लक हायेत? (आपण विहिरीत वाकून बघतो ना, अजून पाणी किती हाय, तसंच.) म्हातारा म्हणला, बेटा, हिरो बहोत हैं, देखनेवाले कम पड़ गए. वरून त्यानं समजावलं की हिरो संपायचा प्रश्नच नाय. सगळे वापरून झाले की तोच हिरो दुसऱ्या दुनियेतून आणत्यात. म्हंजी तोच माणूस, तेच नाव, पर ह्या दुनियेतला नव्हं. मंग दोघं भेटत्यात आन् एकमेकाला वळखत नाय. हे घरी येऊन मला सांगायले आन् मी पाळण्याकडं बघायली. आमच्या घरात तेच चाललं व्हतं, तिकीट न काढता.

कारण नवा पिक्चर लागंपर्यंत हे घरीच. ड्रेस नाय, मुखवटा नाय. पहिल्या सकाळी पोरगी उठली आन् बनियन-लुंगीतला एक अनोळखी माणूस तिला उचलायला वाकला. दादा, ती वरडली ते पार बायपासला ऐकू गेलं असंल. जमिला लाटणं घेऊन आत. "क्या हुआ गे उमा? कौन घुसा?" आन् ह्यांना बघून, "मां! ये तो तेरा मरद है गे!" तिनं बी ह्यांचं तोंड पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणे. सासूबाई म्हणल्या, लाल कायतरी बांध तोंडाला, लेकरू निळं पडायलंय. मी ब्लाऊजपीस घेतला, दोन भोकं पाडली, बांधला. पोरगी हुंदका गिळून हसली, पप्पा म्हणली आन् गळ्यात पडली. मंग काय, त्या सुट्टीत हे घरात लाल ब्लाऊजपीस बांधूनच हिंडायचे. लसूण सोलायलेत, तोंडाला फडकं. दूधवाला एकदा दाराशी आला, ह्यांना बघून किटली टाकून पळाला, दूध सांडलं, आन् दूध सांडलं त्यापेक्षा फरशी पुसायला पाणी गेलं ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

 एक दिवस हे मिशी तेवढी ठेवून दाढी करायला बसले. वाटीत बोटभर पाणी, हातात आरसा. बराच वेळ बघत बसले आन् म्हणले, उमे, माझं तोंड लई वाईट हाय का गं? मी म्हणले, काय तरीच काय. सासूबाई आतून म्हणल्या, वाईट नाय, बापावर गेलंय. (सासरे गेले तवापासून त्या कोणालाच चांगलं म्हणत नाय, हे धरून चांगलंच म्हणल्या.) हे हसले, पर आरसा पालथा ठेवला. दादा, ड्रम भरायच्या नादात मी ह्या माणसाचं तोंडच काढून घेतलं. लोकांच्या लेकरांना हे दिवसभर कडंवर घेत्यात आन् स्वतःच्या लेकराला घ्यायला ह्यांना फडकं लागतं.

आता नवा पिक्चर लागलाय, बेडूकमाणसाचा. पर थेटरवाल्यांनी हात आखडलाय. नवा ड्रेस येणार नाय, जुनाच हिरवा रंगवा म्हणले. लाल कापडावर हिरवा रंग टाकला की काय व्हतं ते तू सांग. चिखल झाला. साहेब म्हणले, चालंल, कोणी विचारलं तर दगडमाणूस म्हणून सांगा, तो बी दिवाळीला येतोयच. मुखवट्याचा आकार तोच असल्यामुळं पोरीला तो चिखल बी पप्पा वाटतो. म्हंजी हिरो कोणता का असंना, कापड बांधलेलं पाहिजे. मी आता म्हसोबाला रोज हात जोडते, पर काय मागावं तेच कळत नाय. पिक्चर येत राहू दे म्हणलं तर हे उन्हात त्या कपड्यात शिजत्यात. पिक्चर बंद पडू दे म्हणलं तर चूल बंद. देवाला बी मी आता नुसतं "तू बघ" म्हणून सोडते.

जावळाचं मात्र ढकलता येत नाय. सासूबाईंचा नवस हाय, आन् मामाच्या मांडीशिवाय जावळ नाय हे तुला मी सांगायला नको. धोंडिबाला मी निरोप धाडला व्हता की वस्तरा चालवताना जरा तोंड झाकशील का? तो म्हणला, वहिनी, मी चार पिढ्यांची डोकी उघड्या तोंडानं काढलीत, मी काय दरोडा टाकायला बसतो का? लई मिनतवारी केली तवा पाठीमागून येतो म्हणला, पोरीला दिसणार नाय. म्हंजी राहिला एकच माणूस, जो तिच्या तोंडासमोर बसणार. तू.

सगळ्या मोठ्यांना माझं वाकून सांगणं पोचव, लहानग्यांचे मुके घे, कपिलीच्या पाठीवरून हात फिरव. तिला पाणी दोन वेळा पाजतोस ना? पाजत असशील तर ते इकडं कोणाला सांगू नको, लोक कपिलीच्या जागी यायला तयार व्हतील.

तुझी भित्री बहीण,
उमा

ता. क. आता पार्सल उघड. भ्याला नसशीलच. उरलेल्या लाल कापडाचा मुखवटा हाय, तुझ्या मापाचा. तुझ्या डोक्याचं माप मी लग्नातल्या फेट्यावरून धरलं. जावळाच्या दिशी तो घालून मांडी घालायची. आत्तापासून रोज थोडा थोडा घालून बस, म्हंजी श्वास घ्यायची सवय व्हईल. हुकं पाठीमागून हायेत, वहिनीला लावायला सांग. अडतीवर कोणी विचारलं तर कांद्याच्या धुळीसाठी हाय म्हणायचं. आन् आईला म्हणावं, आता शहरात जावळाची अशीच पद्धत हाय.

ता. क. २. मामा, तू रुसू नको. तुझं तोंड तिला वाईट दिसतं असं नाय. तुझा अडतीवरला फोटो, तो फेट्यातला, पिळदार मिशीचा, मी जावळ ठरल्यावर भिंतीवर लावलाय, आन् रोज तिला भात भरवताना दाखवते. हा मामा, हा मामा. फोटोला ती भेत नाय. फोटो उचलून घेत नाय ना.

ता. क. ३. दादा, मुखवटा घालू नको! घाईत लिहायली, अक्षर लावून वाच. पत्र घडी घालायच्या बेतात व्हते आन् भर दुपारी हे घरी आले ते दारातच बसले. उन्हानं घेरी आली. चिखलाचा रंग देताना कापड आटलंय, त्यात हुकं अशी आवळली की एक निघंना. माझी बोटंच चालंनात. जमिला कात्री घेऊन आली, "हट गे" म्हणली आन् मानेपासून कंबरेपर्यंत सरळ फाडत गेली. मुखवटा वरून काढून फेकला. मी माठ उचलला, प्यायचा, आन् आख्खा ह्यांच्या डोक्यावर ओतला. सासूबाई पाण्याला बी काय बोलल्या नाय, यावरून समज. ह्यांनी डोळे उघडले. समोर स्वराली उभी, सासूबाईंचा पदर धरून. मुखवटा निघताना तिनं सगळं बघितलं व्हतं. मी म्हणले, आता ही वरडणार आन् ह्यांचं उरलेलं काळीज जाणार. ती वरडली नाय. डुलत डुलत आली, ह्यांच्या ओल्या मिशीला बोट लावलं, भिंतीकडं बघितलं, परत मिशीकडं बघितलं आन् म्हणली, मामा!

हे रडले. मंग हसले. म्हणले, मामा तर मामा, वळखीचा तर झालो. तवापासून ती ह्यांच्या मांडीवरून उठली नाय. मी आत्ता लिहायली तर ती ह्यांची मिशी वढायली आन् हे वढू देत्यात. जमिला माझ्याकडं बघून म्हणली, अब वो हुकाँ नक्को. म्हणून मी ड्रेसला पुढून चिकटपट्टी लावायला घेतलीय. थेटरात साहेबानं काय बी म्हणू दे, बेडूकमाणूस आता रिक्षात बसायच्या आधीच तोंड उघडं करणार.

पर तू आता आमचा घोळ बघ. मुखवटा घालून आलास तर ती चारचौघात तुला पप्पा म्हणणार आन् ह्यांना मामा. सासूबाई म्हसोबापुढं आडव्या व्हतील. पार्सल माघारी घेतलं असतं, पर नूरभाईनं ते टेम्पोत गोण्यांच्या ढिगाखाली पार तळाला बांधलंय, आता काढत नाय म्हणतो, हॉर्न वाजवायलाय. आलं की वहिनीला दे, त्यात लसूण ठेवायला बरं पडंल. तू उघड्या तोंडानं ये, मिशीला धक्का लावू नको, फेटा आठवणीनं बांध. फक्त जावळाच्या चार दिवस आधी ये आन् ह्यांच्या शेजारी बसत जा, दोघं एका चटईवर. ती तुला बघंल, भिंतीवरला फोटो बघंल, हा मामा, हे तिला पक्कं कळंल. मंग उरला तो पप्पा.

आन् येताना नूरभाईच्या टेम्पोत तुझ्या बोअरचं एक ड्रम पाणी टाकून आण. हे आता टँकरच्या लाइनीत साध्या कपड्यात उभे राहणार, आन् उघड्या तोंडाच्या माणसाचा नंबर लई मागं येतो.